लांबून सोडलेली गाडी

१२ जानेवारी १९८७

बाबा आज माझ्या कंपनीच्या फाटकातून आत आले आणि देवस्थळीसाहेब खुर्चीतून उठून "या काशीरामजी" म्हणाले. एवढ्यावर माझा दिवस निघाला. गिरणी बंद पडल्यापासून बाबांना कुणी 'जी' लावून हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. गिरणीत ते तागे वाहणारी लॉरी चालवायचे. संपानंतर गिरणी गेली, लॉरीही गेली. तेव्हापासून घाटकोपरला भटवाडीच्या आमच्या खोलीत बसून असतात, नाहीतर कुणाच्या टेम्पोवर बदली करतात.

काम असं आहे. आमची मुलुंडची कंपनी कारखान्यांच्या आत फिरणाऱ्या बॅटरीच्या ट्रॉल्या बनवते. साहेबांच्या डोक्यात आता रस्त्यावर चालणारी बॅटरीची व्हॅन शिरलीय. एका डेअरीला ती दूध वाटायला हवी आहे. आग्रा रोडने मुलुंड ते घाटकोपर आणि परत, सकाळी दोन फेऱ्या, मध्ये चार्जिंग नाही. पंचेचाळीस किलोमीटर धरू. व्हॅन अजून उभीच राहिलेली नाही. ती उभी राहायच्या आधी किती धावेल हे कॉम्प्युटरवर काढायचं, ते माझं काम.

प्रोग्रॅम मी लिहिलाय. गाडीचा दर सेकंदाचा वेग द्यायचा. मग तो हवेचा अडथळा, टायरचा अडथळा, मोटरला लागणारा जोर, बॅटरीतून जाणारा करंट आणि शेवटी बॅटरीत उरलं किती, ते सांगतो. गाडी कागदावरच धावते आणि कागदावरच बंद पडते. फक्त वेग आणायचा कुठून? पुस्तकात परदेशातल्या रस्त्यांचे तक्ते आहेत, त्यात भांडुपच्या हातगाड्या नाहीत. म्हणून आमच्याच जुन्या पेट्रोल व्हॅनच्या चाकाला एक छोटं यंत्र जोडलंय. गाडी चालते तसं एक पेन कागदाच्या पट्टीवर वेगाची रेघ काढत जातं. आता शांत डोक्याचा ड्रायव्हर हवा होता. मी बाबांचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, नवी व्हॅन आली की तीही काशीरामजीच चालवतील, आणि डेअरीची चाचणी पास झाली तर कायमची नोकरी.

आईने संध्याकाळी देवापुढे वाटीभर साखर ठेवली. निम्मी बाबांनीच खाल्ली.

२४ जानेवारी

पहिली फेरी. मी पेन-यंत्र मांडीवर घेऊन बाबांच्या शेजारी. इतक्या वर्षांत बाबांच्या गाडीत मी कधी बसलेच नव्हते. लॉरीत बायकामाणसांना बसवायची बंदी होती म्हणे.

बाबा चपला काढून अनवाणी चालवतात. मी हसले तर म्हणाले, "चपलेन पेडल कळणा नाय." जुन्या लोकांची एकेक तऱ्हा. पाण्याची बाटली बरोबर होती, ती विक्रोळीपर्यंतच संपली. मी गप्पा मारायला लागले की "वाईच गप रव गो, इंजिन ऐकूक दे." जणू इंजिन गाणं म्हणतंय!

पण चालवतात काय सुंदर! सिग्नल दिसायच्या आधीच पाय वर. गाडी आपली घरंगळत जाते आणि बरोबर पांढऱ्या पट्ट्याशी थांबते. शेजारचे टॅक्सीवाले शेवटपर्यंत दामटतात आणि मग कचकन ब्रेक मारतात. बाबांची रेघ कागदावर अशी उतरते की पट्टी लावून काढावी.

९ फेब्रुवारी

आमचा कॉम्प्युटर पगारपत्रकवाल्यांकडे असतो. दुपारी ते जेवायला गेले की मी तो अडवते. आज बाबांच्या फेऱ्या भरून प्रोग्रॅम सोडला आणि चहा घेऊन आले, तर आकडा ५८. अठ्ठावन्न किलोमीटर! पंचेचाळीस हवे होते. साहेबांना वर जाऊन सांगितलं तेव्हा माझाच आवाज चिरकला.

कारणही कळण्यासारखं आहे. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव बाबांसारखाच. घाईने मागाल तर थोडं देते, सावकाश घ्याल तर भरपूर देते. आणि ब्रेक मारला की मिळवलेला वेग नुसता उष्णता होऊन वाया जातो. बाबा ब्रेक मारतच नाहीत, मग वाया जाणार काय?

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझी गाडी माझ्या पायावर चलतली?" मी म्हटलं, हो, तुमच्याच. ते एकदम गप्प झाले. आनंद झाला की असेच गप्प होतात.

२ मार्च

सबंध आठवडा फुकट. ब्रेक मारताना मोटरच उलटी राबवून बॅटरीत थोडी वीज परत भरायची, असा भाग प्रोग्रॅमात नवा लिहिला. बाहेरदेशी असं करतात. मोठ्या हौसेने चालवला तर फरक शून्य. दोनदा तपासलं. चूक कुठेच नाही. बाबांच्या फेऱ्यांत ब्रेकच नाही तर परत मिळणार काय? साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "शुभा, ब्रेक न मारता मुंबईत गाडी चालवणारा माणूस मी अजून पाहिला नाही." मी म्हटलं, आता पाहा. जरा तोऱ्यातच म्हटलं.

२३ मार्च

आज सकाळी बाबा म्हणाले, "आज नको बाय, पायाक मुंगये इले हत." मी म्हटलं, बसून बसून येतात, गाडीत बसलात की जातील. डेअरीवाल्यांना पुढच्या आठवड्यात आकडे दाखवायचेत, मला दोन फेऱ्या कमी पडत होत्या. शेवटी आले.

फाटकातून आत येताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडली आणि ते तसेच चार पावलं पुढे गेले. वॉचमनने हाक मारून दिली. मी पोट धरून हसले. ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा हल्ली खाली पायाकडे बघतात. त्यावरूनही चिडवलं, म्हटलं, लायसन कालच मिळालं का? तेही हसले.

वाळलेत मात्र. आई म्हणते, कामाला लागल्यापासून अंग आटोपशीर झालंय.

२ एप्रिल

एक गंमत सापडली. कांजूरजवळ गांधीनगरचा सिग्नल आहे. तिथल्या बाबांच्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या रेघा मी एकावर एक ठेवल्या. प्रत्येक महिन्यात पाय आदल्या महिन्यापेक्षा लवकर उठलाय. म्हणजे बाबा शिकताहेत! या वयात, कुणी न सांगता, गाडीला कमीत कमी कशात नेता येईल ते त्यांचं त्यांनी काढलंय. मी तो कागद साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. डेअरीवाल्यांना अठ्ठावन्न हाच आकडा गेला.

२१ एप्रिल

डोकं फिरलंय. साहेबांनी मला न विचारता दुसऱ्या ड्रायव्हरकडून फेऱ्या काढून घेतल्या. शिवदास नावाचा तरुण आहे, एरवी कंपनीचा टेम्पो चालवतो. त्याच्या रेघा म्हणजे करवतीचे दाते. आकडा आला ४१. पंचेचाळीसच्या खाली.

मी म्हटलं, तो रेड्यासारखा चालवतो, त्याचं काय धरायचं? साहेब शांतपणे म्हणाले, "डेअरीचे सगळे ड्रायव्हर शिवदासच असणार आहेत. काशीरामजी एकच आहेत." मी म्हटलं, मग डेअरीच्या ड्रायव्हरांना बाबा शिकवतील. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "शुभा, बापाचा अभिमान वेगळा आणि गाडीचं गणित वेगळं. बॅटऱ्या वाढव, नाहीतर वजन कमी कर."

राग गिळून आले. बाबांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी नव्या व्हॅनसाठी खाकी शर्ट शिवायला टाकलाय.

८ मे

आजचा दिवस कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहिते.

नवी व्हॅन आज पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर चालली. कंपनीच्या आवारातच एक गोल फेरी मारायची होती. सगळे कामगार जमले होते, नारळ फोडला. बाबा नव्या शर्टात, अनवाणी, आत बसले. साहेबांनी बटण दाबलं. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. बाबांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "चालू झाली?" सगळे हसले.

व्हॅन निघाली. वळणापर्यंत ठीक होतं. पुढे गोदामाची भिंत आणि भिंतीला लागून जुन्या बॅटऱ्यांची लाकडी खोकी. मी वाट बघतेय, आता पाय उचलतील, आता उचलतील. व्हॅन तशीच सरळ गेली. फार वेगात नव्हती, माणूस चालतो त्याहून जरा जास्त. पण थांबली नाही. खोकी चेमटली, पुढची काच फुटली. बाबांना लागलं नाही. ते दार उघडून खोक्यांच्या फळ्यांवरून खाली उतरले आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "हिका आवाजच नाय गो. आवाजच नाय हिका."

मला लाज वाटली. सगळ्यांसमोर मी ओरडले. म्हटलं, "बाबा, आपला पाय कुठे आहे तेही तुम्हाला कळत नाही का?"

ते नव्या शर्टावरची काच झटकत राहिले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खोक्यांवर गाडी घातली होती. बाबा एकटेच घरी गेले. मी थांबले, मला म्हणे मोटर तपासायची होती.

९ मे

काल संध्याकाळी घरी पोचले तर दारापासून मोरीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके होते. आई ते पुसत पुसत बाबांपर्यंत गेली. बाबा कॉटवर बसून चहा पीत होते. आईने त्यांचा उजवा पाय उचलून बघितला आणि किंचाळली, "अगो शुभा, ह्यांच्या पायात खिळो आसा!"

फळीचा खिळा तळव्यात पुरता घुसलेला. त्या पायाने बाबा मुलुंडहून घाटकोपरपर्यंत आले होते, जिना चढले होते. आई रडत विचारत होती, दुखत नाही का? बाबा पायाकडे बघत होते, जसं दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं.

आज पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी घेऊन अंगठ्यापासून टोचत वर आले. "टोचलं?" "नाय." "आता?" "नाय." घोटा गेला, नडगी आली, तरी नाय. गुडघ्याखाली चार बोटं उरली तेव्हा बाबा म्हणाले, "हां." मी तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर गांधीनगरचा सिग्नल आला. तीन महिन्यांच्या तीन रेघा आल्या.

रक्तातली साखर किती वर्षांपासून वाढलेली आहे कुणाला माहीत. पाय बधिर कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "दिवाळीपासून." म्हणजे मी त्यांना गाडीत बसवलं त्याच्या आधीपासून.

१३ मे

जखम काळी पडतेय. पाय काढावा लागेल, गुडघ्याखाली. साखर उतरली की लगेच.

मी दोन दिवस सारखी एकच गोष्ट करतेय. बाबांच्या रेघा मनातल्या मनात परत बघतेय. सगळं तिथेच होतं. इंजिन ऐकून त्यांना कळायचं की पाय किती दाबला गेलाय. ब्रेक सापडत नव्हता, म्हणून खाली बघायचे. आणि बधिर पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर न्यायला वेळ लागायचा, म्हणून आधीपासून उचलायचे. माणूस आजारी पडत होता आणि मी त्याचा आलेख काढून काचेखाली ठेवला, शिकताहेत म्हणून. मला इंजिनिअर कुणी केलं?

आवाज करणारी शेवटची गोष्टही मीच काढून घेतली त्यांच्याकडून.

१५ मे

साहेब हॉस्पिटलात येऊन गेले. बाबांशी गिरणीच्या गोष्टी बोलले, व्हॅनचा विषय काढला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काशीरामजींच्या फेऱ्या आता काढून टाकायला हव्यात. तुला जमत नसेल तर मी दुसऱ्याला सांगतो."

मीच काढल्या. दुपारी, पगारपत्रकवाले जेवायला गेले तेव्हा. नाव टाईप करायचं, मग कॉम्प्युटर विचारतो, नक्की का? हो म्हटलं. दोन बॅटऱ्या वाढवल्या, मागचं लोखंडी दार काढून पत्र्याचं धरलं. ब्रेकमधून वीज परत घेण्याचा तो फुकट गेलेला भाग शिवदासच्या फेऱ्यांवर एकदम कामाला आला. आकडा आला ४७.

१७ मे

परवा ऑपरेशन. आज भेटायच्या वेळी आई डबा धुवायला नळावर गेली आणि आम्ही दोघंच होतो. बाबांनी विचारलं, "गाडी पास होतली काय गो?"

मी म्हटलं, होईल. त्यांना बरं वाटावं म्हणून पुढे म्हटलं, "तुमचीच रेघ धरलीय बाबा. तुमच्याच पायावर चाललीय ती."

मला वाटलं ते हसतील. ते उठूनच बसायला लागले. मी धरलं तर माझं मनगट घट्ट पकडून म्हणाले, "नको, नको धरू ती. काढून टाक बाय, खोटी आसा ती. ती काय गाडी चालवणा न्हय."

"असं का म्हणता?"

"माका ब्रेक पायाक गावतच नाय होतो. वाटायचा, आता नाय गावलो तर? तू बाजूक होतंस. म्हणान लांबसूनच पाय उचलून गाडी सोडी होतंय."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? नाही म्हणायचं होतंत, मी दुसरा ड्रायव्हर बघितला असता.

"तां म्हायत होता," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत, जरा लाजून, "तुझ्या वांगडा, तुझ्या बाजूक बसान, फिराक गावत होता."

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. आईची चाहूल लागली तसं त्यांनी पुन्हा विचारलं, "काढशील मा?" मी म्हटलं, काढते. दोन दिवसांपूर्वीच काढलीय हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

१९ मे

पाय काढला. शुद्धीवर आले. आईला म्हणाले, "हलको वाटता." आईने त्यावर हसून दाखवलं आणि मग व्हरांड्यात येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

२४ मे

बाबा काल सकाळी गेले. ताप चढला तो उतरलाच नाही. विष रक्तात गेलं होतं, डॉक्टर म्हणाले.

३० मे

गावाहून काका आलेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि तरी बाबांच्या कॉटवर कुणी बसत नाही. आई सगळ्यांना सांगते, "शुभाच्या कंपनीत लागलेले ते, परमनंट होणार होते." ती मला दुखवायला म्हणत नाही. तिला खरंच अभिमान आहे. मी आत जाऊन भांडी घासते.

शिंप्याकडे दुसरा खाकी शर्ट तयार आहे, त्याचा निरोप आला. काका आणायला गेले.

५ जून

आज डेअरीची चाचणी. साहेब म्हणाले होते, नको येऊस. मी गेले. माझ्याशिवाय पेन-यंत्र कुणाला लावता येत नाही.

शिवदास चालवायला, मी शेजारी, मागे दुधाच्या कॅनऐवजी वाळूची पोती. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, वर मुलुंडच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो, मग ती हळूहळू थकत थांबली. शेहेचाळीस. माझा आकडा सत्तेचाळीस होता. एका किलोमीटरची चूक. डेअरीवाल्यांनी साहेबांशी हात मिळवला, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. या आकड्यासाठी मी पाच महिने जीव टाकला होता. तो जुळला आणि मला काहीच वाटलं नाही.

शिवदास वाईट ड्रायव्हर नाही. मी उगाच त्याला रेडा म्हटलं. सगळी मुंबई चालवते तसा चालवतो. गांधीनगरच्या सिग्नलला लाल दिवा दिसत होता, पुढे ट्रक उभा होता, आणि तो आपला सरळ दामटत होता. शेवटच्या क्षणी त्याने ब्रेक मारला. मी पुढे फेकले गेले, यंत्र मांडीवरून घसरलं, हात समोरच्या पत्र्यावर आपटला.

"सॉरी हां मॅडम," शिवदास म्हणाला. "लागलं काय?"

मी नाही म्हटलं. खरं तर मनगट सुजलंय, आई आत्ता त्याला हळद लावतेय आणि मी डाव्या हाताने हे वेडंवाकडं लिहितेय. ती विचारते, दुखतंय का? मी हो म्हणते आणि मोठ्याने रडते. मनगटाचं काही नाही. माझ्यासाठी एवढ्या लांबून गाडी सोडणारं आता कुणी नाही.